सोबत कोणी आहे का?

आमचे मामा बंद पडलेल्या गाड्या ट्रकवर घालून नेतात. मामी गेल्यापासून त्यांचं बोलणं काय ते गाडीमालकांशीच, म्हणून केबिनमधली शेजारची सीट ते रोज पुसून ठेवतात. पण हल्ली मोठ्या गाड्यांचे मालक किल्ली हातावर टेकवतात आणि टॅक्सीने निघून जातात. "गाडीला वाचा फुटली आणि मालक मुका झाला," म्हणून मामा करवादतात.

परवा इंजिन बसलेली अशीच एक अवाढव्य गाडी आली. असली गाडी चाकांवर ओढली तर गिअरबॉक्सची वाट लागते, म्हणून ती तारेने खेचून ट्रकवरच चढवावी लागते. त्याआधी छताजवळचं, अपघात झाला की आपोआप मदत मागणारं बटण बंद करायचं असतं. मामा नेमके तेच विसरले. चढवताना गाडी तिरकी झाली आणि तिला वाटलं, आपण उलटलो. तिने परस्पर मदतकेंद्राला फोन लावला.

आतून बाईचा आवाज आला, "आपण ठीक आहात ना?"

मामांनी धावत जाऊन दार उघडलं. "ठीक आहे, बाई."

"कुठे लागलंय का?"

"गुडघा दुखतो, पण तो जुनाच आहे."

"सोबत कोणी आहे का?"

"नाही," मामा म्हणाले. "तीन वर्षं झाली."

हे सगळं मामांनी मला फोनवर सांगितलं. मी कामात होतो. हसलो आणि फोन ठेवून दिला.

ती बाई मात्र, मामा स्वतः 'ठेवतो' म्हणेपर्यंत थांबली होती.