आर्विदच्या रायफलीवरचे दोन पट्टे

विल्हो पेल्टोलाने आपली रायफल विकली ती तिच्यापेक्षा बरी घ्यायची म्हणून. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत त्याने वरच्या मिशिगनमधल्या निदान चाळीस जुन्या रायफली खोलून, हुंगून, उजेडाला धरून पाहिल्या आणि एकही घेतली नाही. नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू झाली की तो मेहुण्याची रायफल मागून आणायचा. मेहुणा ती देताना दर वर्षी न चुकता विचारायचा, "काय दाजी, अजून मनासारखं स्थळ मिळेना?"

विल्होने तीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या होत्या, त्यामुळे जुन्या यंत्राच्या मालकाच्या शब्दावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. एकाची रायफल त्याने नुसते स्क्रू बघून परत केली. खाचा पार झिजल्या होत्या. "ज्याला बाहेरचा स्क्रू धड फिरवता येत नाही, त्याने आत काय दिवे लावले असतील!" एकाच्या नळीत कुंभारमाशीचं घर निघालं, आणि तो गडी तर मागच्याच आठवड्यात नेम धरून आलो म्हणून सांगत होता. पाद्रीबाबांची रायफल तपासून त्याने त्यांच्या तोंडावर सांगितलं, "बाबा, तुम्ही खरं बोलत असाल, पण ही खोटं बोलतेय."

बायको लेम्पी म्हणायची, "लोकांकडे जातोस, कॉफी पितोस, पाव खातोस आणि घरी येऊन नकार कळवतोस. तुला रायफल नकोय, तुला पाव हवाय."

१९८७च्या ऑक्टोबरात हिल्या रौतिओचा फोन आला. हिल्या त्याच्याच वर्गातली. तिचा नवरा आर्विद दोन वर्षांपूर्वी वारला होता, आणि त्याची रायफल तिला विकायची होती. जुनी पण नामी चीज होती ती. एकदा चाप ओढला की गोळी सुटायची, रिकामं काडतूस बाहेर उडायचं आणि पुढचं आपसूक नळीत चढायचं. आर्विद म्हणजे तर पट्टीचा शिकारी. सव्वीस वर्षं तो दर नोव्हेंबरात मित्रांबरोबर जंगलातल्या खोपीवर जायचा आणि हरीण घेऊनच यायचा. त्यातल्या एका बारा फाट्यांच्या शिंगांच्या नराचं मुंडकं हिल्याच्या घरी सोफ्याच्या वर भिंतीवर लावलेलं होतं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तीन गोळ्या कशा झाडल्या, हे आर्विदने गावातल्या प्रत्येक लग्नात सांगितलं होतं.

विल्होने हिल्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरली. मॅगझीन काढलं, बोल्ट मागे ओढला, नळीच्या मागच्या तोंडात करंगळी घालून आत काडतूस नाही याची खात्री केली. मग नळीत छोटी बॅटरी धरून डोळा लावला. आतले आटे कालच कापल्यासारखे चमकत होते. बोल्टवर ओरखडा नाही. रिकामी काडतुसं बाहेर पडताना जिथे आपटतात तिथे ठिपकासुद्धा नाही. त्याने नळीखालचं लाकूड उतरवलं, तर आतल्या दांड्यावर कारखान्यात फासलेलं ग्रीस तसंच्या तसं, वाळून टॉफीसारखं घट्ट झालेलं.

आणि बाहेर मात्र नळीवर वीतभर अंतराने दोन पट्टे. त्या जागी काळा रंग घासून घासून पार पांढरा पडलेला. नेम धरायच्या पुढच्या माशीला लाल लोकरीचा धागा अडकलेला. विल्होने नळी हुंगली. बंदुकीच्या दारूचा वास नाही. कांद्याचा होता.

त्याने ती पुन्हा हुंगली. परतलेल्या कांद्याचा.

"अरे बोल ना काहीतरी," हिल्या म्हणाली. "डॉक्टर असा गप्प बसला की माणसाने काय समजायचं?"

"आर्विदने ही फार जपून वापरलीय गं," विल्हो म्हणाला.

"किती जपून?"

विल्होने कॉफीचा घोट घेतला, पावाचा तुकडा मोडला, खिडकीबाहेर पाहून घेतलं. "हिल्या, आर्विदने ही वापरलेलीच नाही. कारखान्यातून निघाल्यापासून हिच्यातून एक गोळी गेली नसावी."

हिल्याने भिंतीवरच्या मुंडक्याकडे बोट दाखवलं. "मग हा काय चालत आला आमच्याकडे?"

हिल्याने सरळ फोन उचलला आणि आर्विदचा खोपीवरचा जोडीदार टॉइमी सारी याला बोलावून घेतलं. टॉइमी दोन घरं सोडून राहायचा. तो टोपी हातात घेऊन आत आला, टेबलावर खोलून ठेवलेली रायफल त्याने पाहिली, विल्होची बॅटरी पाहिली आणि मटकन खुर्चीत बसला.

"सापडलं का?" तो म्हणाला.

"काय सापडायचं होतं?" हिल्याने विचारलं.

"हे बघ, माणूस देवासारखा होता तो. पण त्याला आवाज सोसायचा नाही. पहिल्या वर्षी हरीण समोर आलं, तर ह्याने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी कान झाकले. आता कान झाकल्यावर चाप ओढायला तिसरा हात आणायचा कुठून? हरीण आपलं बघत उभं. मग आम्ही म्हटलं, गड्या, तू आपला चुलीपाशी बस."

"चुलीपाशी?"

"सव्वीस वर्षं आम्हा आठ जणांचा स्वयंपाक त्याने केला. माशाचं सूप, हरणाच्या मटणाचा रस्सा. कांदा असा परतायचा, अहाहा! त्याच्या बदल्यात दर वर्षी कोणीतरी आपल्या वाटचं हरीण त्याला द्यायचं. आणि रायफल दोन तारांनी चुलीवर आडवी टांगलेली असायची."

"मोजे वाळवायला," विल्हो एकदम म्हणाला. त्या दोन पट्ट्यांचा आणि लाल धाग्याचा उलगडा झाल्याने त्याचा चेहरा उजळला होता.

"आठ जणांचे मोजे, रोज," टॉइमी म्हणाला.

हिल्या उभी राहिली. "माझ्या घरात तीस वर्षं त्या माणसाला मीठ कुठे असतं ते माहीत नव्हतं! अंडं उकडायला सांगितलं तर पाण्यात किती वेळ ठेवू म्हणून शेजारी विचारायला गेला होता!"

"खोपीवर वेलदोड्याचा पावसुद्धा करायचा," टॉइमीच्या तोंडून निसटलं. "कणीक मळायचा, वेणी घालायचा, वरून अंडं फासायचा…"

"कसा व्हायचा?"

"बरा व्हायचा."

"माझ्यापेक्षा?"

टॉइमी छताकडे बघत राहिला. विल्होने तोंडातला घास तिथेच थांबवला. हिल्या क्षणभर दोघांकडे आळीपाळीने बघत होती, आणि मग तिला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. हसता हसता ती डोळे पुसू लागली तेव्हा टॉइमीला धीर आला.

"आणि हा बारा फाट्यांचा मी मारला," तो मुंडक्याकडे बघून म्हणाला. "एका गोळीत. पंधरा लग्नांत मी त्या तीन गोळ्यांची गोष्ट मुकाट्याने ऐकलीय, हिल्या. दोन तर माझ्याच मुलींची होती."

विल्होच्या मनात वेगळंच चाललं होतं. अकरा वर्षांत प्रथमच त्याला खोट काढायला जागा सापडली नव्हती. तारांचे पट्टे काही खोट म्हणता येत नव्हते. "हिल्या, मी घेतो ही," तो म्हणाला, आणि लगेच त्याने सावरून घेतलं. "फक्त आधी चालवून बघू."

ते वाळलेलं ग्रीस काढण्यात त्याचा सबंध दिवस गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिघं वाळूच्या खाणीत गेले आणि टेकाडाच्या पायथ्याशी रिकामे डबे मांडले. विल्होने आधी एकच काडतूस घातलं, मग दोन. एका ओढीला दोन्ही सुटत नाहीत ना, ते पाहायला. रायफल घड्याळासारखी चालली. फक्त शेवटचं तापलेलं काडतूस बाहेर उडालं ते डोक्यावरच्या फांदीला थडकलं आणि थेट विल्होच्या कॉलरमधून पाठीत उतरलं. तरी नळी त्याने टेकाडावरून ढळू दिली नाही, सुरक्षेचा खटकाही लावला. नाच चालला होता तो सगळा कमरेखाली.

"आर्विद शहाणा होता," टॉइमी म्हणाला.

"आण इकडे," हिल्या म्हणाली. "इतकी वर्षं माझ्या घरात पडून होती, एकदा मलाही बघू दे."

तिने दस्ता खांद्याला लावला. लहानपणी वडिलांनी तिला शेतावर नेम धरायला शिकवलं होतं, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. तीन डबे होते. तिन्ही उडाले. हिल्याने पापणीसुद्धा हलवली नव्हती.

"विल्हो," रायफल रिकामी करून ती म्हणाली, "विकायची नाही."

"पण मी हो म्हटलं होतं ना!"

"अकरा वर्षांत एकदा म्हटलंस. तुझ्या तरी कानांना ते खरं वाटलं का?"

नोव्हेंबरात हिल्या खोपीवर गेली. मी चुलीला हात लावणार नाही, हे तिने टॉइमीला निघायच्या आधीच बजावलं. तिसऱ्या दिवशी तिने आठ फाट्यांचा नर पाडला. बाकीच्यांनी त्या पंधरवड्यात डब्यातल्या घेवड्यावर दिवस काढले आणि मोजे ओलेच घातले.

विल्हो चार दिवस फुगून बसला. मग हिल्याने हरणाची एक तंगडी पाठवली, तेव्हा तो थोडा निवळला. पण मनात धास्ती बसली ती बसलीच. फार वेळ तपासत बसलं तर मालकच नेम धरून मोकळा होतो! फेब्रुवारीत एका लाकूडतोड्याची तशीच जुनी रायफल विकायला निघाली. दस्त्याला तडा होता, स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या होत्या. विल्होने वीस मिनिटांत ती घेतली, कॉफीसुद्धा न पिता.

ती पहिल्याच दिवशी दोनदा अडकली. विल्होने घरी आणून ती खोलली. सबंध उन्हाळाभर तिचे सुटे भाग स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलेले होते, आणि लेम्पी व तो अंगणात, मांडीवर ताटं घेऊन, डास मारत जेवत होते.