कागदात नसलेली चटणी

आता बडोद्यात हवं ते चीज मिळतं. माझी मुलगी त्यात मशरूम, ऑलिव्ह, काय काय घालून ग्रिल्ड सँडविच करते. छान होतं. पण मी पहिलं केलं ते इथल्याच नागरवाड्यात, घरमालकीण काकूंच्या गॅसवर, एक खोटं लपवत.

मी जळगावकडचा. आठवीतून शाळा सुटली, पुढे ओळखीच्या एकानं बडोद्याजवळ वाघोडियाच्या कारखान्यात लावून दिलं. काकू निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहायच्या. खोली देताना त्यांची एकच अट होती: भाडेकरू शिकलेला हवा. मी म्हणालो, "मॅट्रिक झालोय." परक्या गावात आणखी दारं ठोठावायचं बळ नव्हतं. तेव्हापासून मी होता होईल तो त्यांच्यासमोर जायचं टाळायचो.

रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद असायची. अशाच एका रविवारी काकूंनी हाक मारली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झालेले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मुंबईच्या लेकीनं चीजचा डबा आणि एका इंग्रजी मासिकातलं कात्रण पाठवलं होतं.

"मला अक्षर दिसत नाही रे. तू वाच आणि तसं करत जा. दोघं मिळून खाऊ."

अक्षरं ओळखीची, पण शब्द एक लागेल तर शपथ. आता खोली गेलीच, असं वाटलं.

"वाच ने!" काकू बडोदेकरी थाटात म्हणाल्या.

"पावाला... लोणी लावा." एवढं तर असणारच. "चीज... किसून घ्या." पुढे काय? मला भाकरी-चटणीशिवाय काही सुचेना. "मग लसणाची चटणी लावा. शेंगदाणे भाजून घ्यायचे, लसूण सोलून टाकायचा, मीठ-तिखट घालून खलबत्त्यात कुटायचं, मिक्सर नको."

"असं लिहिलंय?"

"हो. हे काय, इथं."

आईनं दिलेली चटणी माझ्या खोलीत होतीच. बरणी घेऊन आलो. लांब दांड्याच्या टोस्टरमध्ये सँडविच दाबलं, गॅसवर धरलं आणि भीतीनं सारखं उघडून बघू लागलो.

"अरे, मिटलेला राहू दे. पाव फाटेल!"

लोणी चरचरलं, कडेनं चीज ओघळून खरपूस झालं आणि घरभर लसणाचा वास सुटला. काकूंनी एक घास घेतला. मग दुसरा.

"हे लिहिणारी बाई विलायतेची का रे?"

"असेल."

"मला तर ती तुमच्या जळगावची वाटतेय."

मी गॅस बंद केला. "काकू, मी आठवीच शिकलोय. खोली कधी सोडू?"

"चाळीस पोरांचा वर्ग वाचायला लावलाय मी," त्या म्हणाल्या. "वाचणारा अडखळतो. तू चटणीपाशी आलास आणि घडाघडा बोलायला लागलास. पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?"

"चुकलं, काकू. पण खोली?"

"खोली कुठे पळतेय? दुसरं भाजायला घे. आणि या वेळी चटणी जरा जास्त वाच."

लग्न होईपर्यंत मी त्याच खोलीत राहिलो.