सीबच्या बाजारातली रीत

सांगलीहून निघालो त्या सकाळी माझ्या वडिलांनी, दादांनी, आमच्या बॅगा स्प्रिंगच्या काट्याला अडकवून तोलल्या. माझी बॅग जास्त भरली. आईने त्यातला कांदा-लसूण चटणीचा डबा बाहेर काढला. कारण डब्याखाली होते ते कोर्टाच्या निवाड्यांचे बांधीव खंड, आणि ते दादांनी स्वतः भरले होते. त्यांना हात लावायची आमच्या घरात पद्धत नव्हती. "चटणी कुठेही मिळेल," दादा म्हणाले, "हे तिथं मिळायचं नाही." चटणीच्या बाबतीत ते चुकले. निवाड्यांच्या बाबतीत अगदी बरोबर होते. ओमानमध्ये ते मिळत नव्हते, कारण कुणाला नकोच होते.

हे मी तुम्हा दोन्ही गटांसाठी लिहिते आहे: जे तिकडेच राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे बॅगा तोलून निघालात त्यांच्यासाठी. दुसऱ्या गटाला बरंचसं ठाऊक असेल. पहिल्या गटाला निदान हे कळेल, की कायदा शिकलेली बाई परदेशी जाऊन इतकी वर्षं नेमकं काय करते. "वकिली करते" हे उत्तर खरं नाही. परक्या वकिलाला तिथल्या कोर्टात उभं राहता येत नाही. कामकाज अरबीत चालतं. आम्ही मागे बसून मसुदे करायचे, भाषांतरकाराने ते अरबीत आणायचे आणि ओमानी वकिलाने ते न्यायाधीशासमोर ठेवायचे. काळा कोट मी सांगलीतच ठेवला. मे महिन्यात गळ्यापर्यंत बटणं लावून 'मिलॉर्ड, मिलॉर्ड' करणं सुटलं, याचं मला आजतागायत दुःख झालेलं नाही.

दादा जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते. निवृत्तीनंतरही त्यांचं कोर्ट उठलं नव्हतं. घरात पंखा कोणत्या नंबरवर ठेवायचा यावर वाद झाला तरी ते म्हणत, "निवाडा दाखव." म्हणजे पूर्वी असं कधी ठरलं होतं ते सांग. आम्ही कायदाही तसाच शिकलो. कलमं आपल्याकडेही आहेत, चांगली जाडजूड आहेत, पण आपण ती वाचतो ती न्यायाधीशांच्या चष्म्यातून. एका कलमाखाली इतक्या निकालांची उतरंड लागलेली असते, की मूळ कलम शेवटी कुणी वाचलं होतं हाच संशोधनाचा विषय व्हावा.

मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, रुसैलच्या एका कारखान्यात काम मिळालं होतं. ते २०१२ साल. आम्ही सीबला फ्लॅट घेतला आणि मला रुवीतल्या एका लॉ ऑफिसमध्ये नोकरी लागली. ऑफिसच्या पाटीवर सोनेरी अक्षरं इतकी मोठी होती, की समोरच्या एक्स्चेंजमध्ये घरी पैसे पाठवायला रांगेत उभे असलेले लोक ती वाचूनच घाबरत असावेत. आत मात्र चार टेबलं आणि सालेम होता. सालेम ओमानी वकील, कैरोला शिकलेला. हिंदी त्याने बाजारातून उचलली होती आणि आमच्यापेक्षा बेधडक बोलायचा.

पहिलं टिपण मी जीव ओतून लिहिलं. प्रश्न साधा होता, उत्तरही साधं होतं, पण मी त्याला निवाड्यांची माळ घातली. मुंबई, लाहोर, लंडन, सगळं होतं. सालेमने ते शेवटपर्यंत वाचलं, हे त्याचं सौजन्य. मग विचारलं, "मॅडम, ये लोग कौन हैं? इनमें से कोई अपना क्लायंट है?"

"नाही. हे जुने खटले आहेत. प्रिसिडेंट."

"लेकिन ये दो भाई लाहोर में झगडा किया. जज पूछेगा, इससे मेरा क्या काम? मैं उसको क्या बोलूँ?"

दादांना यावर उत्तर सुचलं असतं, पण त्यांना विचारण्याचं धाडस नव्हतं.

त्यानंतर सालेमने चहाच्या ग्लासांची जागा बदलत बदलत मला त्याच्याकडचा कायदा समजावला. तो समज साधारण असा. एका रोमन सम्राटाने वकिलांची शतकानुशतकांची बडबड गोळा करून बांधून ठेवली. पुढे एका फ्रेंच सेनापतीने, ज्याला युद्धाखेरीज स्वतःचं कौतुकही आवडायचं, तिची नीटनेटकी संहिता करवून घेतली. ती रीत इजिप्तमार्गे अरब देशांत पोचली आणि इथल्या फिक्हशी, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या विचाराशी, तिचा संसार जमला. या घरात सगळ्यांत आधी कायद्याचा मजकूर. त्या मजकुरात उत्तर असेल तर खलास, पुढे जायचंच नाही. तो गप्प असेल तर फिक्ह. तिथंही नसेल तर शरियतची सर्वसाधारण तत्त्वं. आणि तीही बोलत नसतील तर रूढी, लोकांची चालत आलेली रीत. न्यायाधीशाचा जुना निकाल या रांगेत उभाच नाही. वरच्या कोर्टाने काय म्हटलं ते मान देऊन ऐकतात, पण पुढच्या न्यायाधीशाचे हात त्याने बांधले जात नाहीत.

पुढच्याच वर्षी देशाचा नवा दिवाणी व्यवहारांचा कायदा आला आणि त्यात ही रांग पहिल्याच कलमात लिहिलेली होती. ऑफिसातले सगळे, ओमानी असोत की मल्याळी की मी, एकाच दिवशी पहिलीत बसले. परक्या गावात इतका समतेचा अनुभव मला पुन्हा आला नाही. निवाड्यांचे खंड मी मुलीच्या, रेवाच्या, अभ्यासाच्या टेबलाखाली लावले. टेबल हलायचं थांबलं. "आई, हे बुक्स आजोबांचे आहेत, ना? दे आर व्हेरी युजफुल," ती म्हणाली. फोनवर दादांना मी यातलं अर्धंच सांगितलं.

रूढीवर माझा मात्र विश्वास बसत नव्हता. रांगेतली शेवटची, म्हणजे शोभेची, असं मी धरून चालले होते. ते अब्दुलभाई भेटेपर्यंत.

अब्दुलभाई राजापूरकडचे. सीबच्या जुन्या बाजारात डिशडाशा शिवायचं दुकान. डिशडाशा म्हणजे ओमानी पुरुषांचा घोळदार लांब अंगरखा, गळ्याशी छोटा गोंडा असतो तो. तरुणपणी आले ते तिथंच मशीनवर वाकले. दुकान कागदोपत्री त्यांच्या अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, नावावर. व्हिसाही त्याच्याच हातात. एका संध्याकाळी ते माझ्या दारात आले आणि बसायलाही तयार होईनात.

"ताई, तुम्ही आपल्या. मना कायदा नको, दुकान पायजे."

झालं होतं असं. सूर या गावचा एक गृहस्थ नोकरीसाठी सीबला राहत होता. भावाच्या लग्नासाठी घरच्या सगळ्या पुरुषांच्या डिशडाशा त्याने अब्दुलभाईंकडे टाकल्या. मापं दिली, कापड निवडलं, "लग्नाला शोभतील अशा" म्हणाला आणि गेला. अब्दुलभाईंनी त्या सीबला शिवतात तशा शिवल्या: साधा गळा, गोंडा. सूरच्या लोकांची रीत वेगळी, गळ्याभोवती रंगीत भरतकाम. गृहस्थ कपडे बघून इतका भडकला की थेट अर्बाबकडे गेला. दोघांची जुनी ओळख. अर्बाबची मान खाली गेली आणि त्याने अब्दुलभाईंना सांगून टाकलं, व्हिसाची मुदत संपली की खलास, गावी जा.

"तिकडं जाऊन मी कुणाला शिवू?" अब्दुलभाई म्हणाले. "सगली पोरं जीन घालतात."

गृहस्थाने तक्रारही केली होती, आणि प्रकरण आधी समेट समितीपुढे जाणार होतं. तिथं दोन्ही बाजूंना बसवून मिटवायचा प्रयत्न होतो. मिटलं नाही तर कोर्ट. सालेमने मला विचारलं, "बोलो मॅडम, पहले क्या?"

"मजकूर."

"करार में गले का कुछ लिखा है?"

"करारच लिहिलेला नाही. आणि कायद्यात गळ्यावर कलम नाही."

"फिक्ह?"

"कराराला दोघांची संमती लागते, एवढं फिक्ह सांगतं. गोंड्याबद्दल काही सांगत नाही."

"तो फिर?"

तेव्हा मला रांगेच्या टोकाशी उभी असलेली रूढी दिसली. पण कुणाची? सूरची की सीबची? आम्ही म्हणणार, जिथं काम ठरलं आणि झालं, तिथली. पण तिथली रीत काय आहे हे दाखवायचं कसं? हिचा खंड नसतो, हिला अनुक्रमणिका नसते. आयुष्यात पहिल्यांदा मी पुरावा शोधायला ग्रंथालयात न जाता बाजारात गेले. दुकानादुकानांतून विचारत फिरले: कुणी लग्नासाठी म्हटलं आणि आणखी काही नाही म्हटलं, तर तुम्ही काय शिवता? बलुची शिंपी हसला. बंगाली शिंप्याने मलाच विचारलं, मॅडमच्या मिस्टरांचं माप काय. सगळ्यांचं उत्तर एकच होतं: साधा गळा, गोंडा. पण समितीपुढे येऊन बोलायला तयार झाला तो एकटा खमीस, अब्दुलभाईंच्या शेजारचा अत्तरवाला. पांढऱ्या दाढीचा ओमानी. त्याचं म्हणणं, गोंड्याला अत्तर तोच लावतो, तेव्हा गळ्यावर बोलायचा त्यालाही हक्क आहे.

समितीच्या खोलीत कसलाही थाट नव्हता, त्यामुळे मला ती लगेच आवडली. मी आणि अब्दुलभाई मागे बसलो. सालेम कानात हिंदीत सांगत होता. मधोमध बसलेल्या वयस्क अध्यक्षांनी सूरच्या गृहस्थाला विचारलं, "'आमच्याकडची, भरतकामाची हवी' असं तू याला सांगितलं होतंस?"

"सांगायचं काय त्यात? आम्ही सूरचे आहोत, हे त्याला माहीत आहे."

मग खमीसला विचारलं. तो म्हणाला, "आमच्या बाजारात लग्नाला अशाच शिवतात. मी शिवून घेतली, माझ्या मुलांनी घेतली. दुसरं काही हवं असेल तर गिऱ्हाईक सांगतं."

"आमच्या म्हणजे कुणाच्या?"

"सीबवाल्यांच्या."

अध्यक्षांनी मागे पाहिलं. "हा हिंदुस्थानी माणूस. हाही त्यात?"

खमीसला प्रश्नच कळला नाही. त्याने मागे वळून अब्दुलभाईंकडे पाहिलं, जणू तिथं आणखी कुणी बसलंय का ते बघावं. "कोण, अब्दुल? अब्दुल सीबचाच आहे."

सालेमने हे कानात सांगितलं आणि अब्दुलभाई हातातल्या टोपीची शिवण बघू लागले. मी त्यांच्याकडे न बघण्याचं ठरवलं.

पुढचं लवकर झालं. अध्यक्ष म्हणाले, काम सीबच्या रीतीने झालं, शिंप्याची चूक नाही. सूरचा गृहस्थ धुसफुसला, पण लग्नाला अवकाश होता; अब्दुलभाईंनी आपण होऊन सांगितलं, नवरदेवाच्या आणि त्याच्या वडिलांच्या गळ्यावर सूरचं काम करून घेतो, बाकीच्यांनी सीबचे पाहुणे म्हणून मिरवावं. गृहस्थाला हसू आलं आणि तिथं तो हरला. दुकानाचा मालक म्हणून अर्बाबही बसला होता. अध्यक्षांनी त्यालाच विचारलं, "याला पाठवून तू कुणाला आणणार? नव्या माणसाला ही रीत तू शिकवणार का?" अर्बाब म्हणाला, "इन्शाल्ला, नूतनीकरण करू." इन्शाल्लाचे अनेक अर्थ ऐकले आहेत, हा होकाराचा निघाला. अब्दुलभाई आजही तिथंच शिवतात.

त्या आठवड्यात मी नवा कायदा पुन्हा चाळला, कामासाठी नव्हे, आपला उगाच. निवासस्थानाचं कलम सापडलं. आपण इंग्रजांकडून शिकलो त्या कायद्यात माणसाचं अधिवासाचं ठिकाण एका वेळी एकच. जन्माने मिळालेलं तर असं चिकटतं, की माणूस कुठेही गेला तरी ते दबा धरून बसतं आणि संधी मिळताच परत येतं. ओमानच्या या कायद्यात तसं नाही. जिथं माणूस नेहमी राहतो ते त्याचं ठिकाण, आणि अशी ठिकाणं एकाच वेळी एकाहून अधिक असू शकतात. इतकी दिलदार तरतूद इतक्या कोरड्या भाषेत मी दुसरीकडे वाचलेली नाही.

म्हणून तुम्ही फोनवर विचारता, "कायमचे घरी कधी येणार?" तेव्हा मी जे गुळमुळीत बोलते, ते टाळण्यासाठी नसतं. सांगलीत 'चहा नको' म्हटलं की आत आधण ठेवलं जातं. सीबमध्ये कॉफीचा छोटा कप हातात जरा हलवून परत दिला नाही, तर तो भरतच राहतो. दोन्ही कुठे लिहिलेलं नाही. दोन्ही ठिकाणी मला हे कुणी सांगावं लागत नाही.