तांडेल समुद्रात असताना

ती केस आठवली की मला आधी बायको आठवते, मग आरोपी.

मी रत्नागिरीला होतो. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं, पोलीस ठाण्यात कॉम्प्युटर नवा होता. मिरकरवाड्याच्या एका शेडमधून मासेमारीची जाळी नाहीशी होत होती. बंडलं एकावर एक रचलेली, त्यामुळे चोरीचा नेमका दिवस कळायचा नाही, आठवडा तेवढा कळायचा. जाळी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने खबर दिली, "तांडेलाला इचारा. बोट बंदरात असली की तो शेडातच झोपतो." बोट चालवणाऱ्या त्या तांडेलाला आम्ही उचललं.

त्याची बायको रोज डबा घेऊन ठाण्याच्या ओट्यावर बसायची. "सायब, माजा घोव तसला न्हाय वो," एवढंच म्हणायची. तांडेल काही कबूल करेना आणि वरिष्ठांना आरोपपत्राची घाई.

चोऱ्यांचं एक आणि बोटीच्या ये-जा नोंदींचं एक, अशी दोन पिव्होट टेबलं, म्हणजे नोंदींची आठवडावार बेरीज मांडणारे तक्ते, मी कॉम्प्युटरवर केली होती. दोन्ही एकाच आलेखात हवी होती, पण पिव्होट चार्ट एका टेबलाला चिकटून बसायचा. रविवारी घरी वैतागून हे बोललो. माझी बायको कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. ती हसायलाच लागली.

"अहो, टेबलात बसून चार्ट मागितलात तर तो टेबलाचंच ऐकणार! लांबच्या रिकाम्या सेलवर क्लिक करा, तिथून साधा चार्ट सुरू करा आणि एकेक सिरीज, म्हणजे एकेक रेषा, हाताने जोडा. आधी चोऱ्या, मग बोट. चोर पकडता आणि एवढं जमत नाही होय?"

सोमवारी जमलं. चोऱ्यांची रेषा आणि बोट समुद्रात असल्याच्या दिवसांची रेषा एकदमच चढत होत्या, एकदमच उतरत होत्या. बोट समुद्रात असली की चोऱ्या, बंदरात असली की एकही नाही. आम्ही ज्याला पुरावा समजत होतो, ते त्याचं शेडात झोपणं म्हणजे राखण होती!

कारागिराला समोर बसवून विचारलं, "तांडेल नसतो तेव्हा शेडात कोण झोपतं?"

"कोन न्हाय, सायब."

"आणि जाळी तेव्हाच जातात. हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक?"

शेवटी त्याने सगळं कबूल केलं. पालीतल्या त्याच्या सासुरवाडीतून पंचांसमक्ष जाळी जप्त केली.

कोर्टात अहवाल देऊन तांडेलाला सोडलं. "किती वाळलाव वो! चला घरी," असं ओरडत त्याची बायको त्याचा हात धरून निघाली.

नव्या पोरांना मी एवढंच सांगतो, खबर खरी असली तरी तिचा अर्थ खबऱ्याकडून घेऊ नका.

माझ्या बायकोला जाऊन आता काही वर्षं झाली. फार आठवण येते. फाटकातून बाहेर पडणाऱ्या त्या दोघांना पाहून तेव्हा बरं वाटलं होतं, आज हेवा वाटतो. तिलाही असं कुठून सोडवून घरी आणता आलं असतं, तर सगळी नोकरी मी पुन्हा पहिल्यापासून केली असती.