‘कॉपी’ या शब्दाने गेलेली सही

पुस्तकांच्या झेरॉक्सवर बंधनं आणणारा कायदा येतोय असं कळलं, तेव्हा आम्ही आर्वीत विरोधाच्या अर्जावर सह्या घ्यायला लागलो. मला पहिली सही माझ्या शाळेतल्या सरांची हवी होती. त्यांच्याकडच्या पुस्तकांच्या झेरॉक्स काढूनच मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला.

अर्जात मी लिहिलं होतं, ‘आमचा कॉपी करण्याचा हक्क काढून घेऊ नका.’ सरांनी जन्मभर परीक्षेत कॉप्या पकडलेल्या.

“कॉपीचा हक्क मागून राह्यला तू? हेच शिकोलं का तुले?”

मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि सही न करताच कागद परत दिला.

हरकतींची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. मी ‘कॉपी’च्या जागी ‘झेरॉक्स’ लिहिलं, बाकीच्यांच्या सह्या घेतल्या आणि त्यांच्या सहीविना अर्ज पाठवला. त्यानंतर त्यांच्याकडे जायची हिंमत झालेली नाही.