तपती कुठे गेली होती

बंगालमधल्या कालन्याच्या पोस्टात तपतीदी रजिस्टर आणि पार्सलच्या खिडकीवर बसायची, मी शेजारी बचत खात्याच्या. अठरा वर्षं आमच्यामध्ये प्लायवूडची एक फळी होती आणि डिंकाची एक सामाईक बाटली. एवढ्या काळात मी तिला ती एक गोष्ट कधी विचारली नाही. गावात कोणीच विचारत नसे. प्रत्येकाला वाटे, आपल्याला ती माहीतच आहे.

झालं होतं असं. १९८४च्या हिवाळ्यात, दहावीत असताना, तपती एका गुरुवारी शाळेत जाते म्हणून निघाली आणि रविवारी संध्याकाळी परत आली. मधल्या दिवसांत तिच्या बाबांनी कोळ्यांकडून गंगेत जाळी टाकून घेतली आणि दारोगाने स्टेशनवरच्या चहावाल्याला दोनदा ठाण्यात नेऊन बसवलं. ती आल्यावर सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "कोणाबरोबर गेली होतीस?"

ती म्हणाली, "कोणाबरोबरच नाही."

आई, दारोगा, मुख्याध्यापिका आणि दोन मामा यांनी हे उत्तर आळीपाळीने खोटं ठरवलं. आठवड्याभरात तिने उत्तर देणंच सोडलं. मग लोकांनी आपापल्या सोयीने ठरवून टाकलं. सर्कशीतला एक झुलेवाला, एक क्रांतिकारक मास्तर आणि शांतिपूरचा एक लग्न झालेला साडीवाला, असे तिघे जण बरीच वर्षं चर्चेत होते.

पुढे तिचं लग्न शिबनाथशी झालं. तो होमिओपॅथीच्या दुकानात पुड्या बांधायचा. लग्न ठरताना तो म्हणाला होता, "मागचं मी काही विचारणार नाही." त्याने शब्द पाळला. गल्लीतल्या बायका आपल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण देत.

पल्लव सान्याल तपतीच्याच वयाचा. मुलांच्या शाळेत बांगला शिकवायचा. त्या गुरुवारी त्याने तिला फलाटावर पाहिलं होतं. पंचवीस वर्षांनी त्याने यावर किशोरांसाठी कादंबरी लिहिली आणि ती एका दुर्गापूजेच्या विशेषांकात छापून आली. त्यातली सोळा वर्षांची तापसी देवळातल्या मूर्ती चोरणाऱ्या टोळीच्या तावडीत सापडते. त्याआधी तिने वाचनालयाच्या पुस्तकांत पेन्सिलीने खुणा करून ठेवलेल्या असतात. त्या फक्त एका हुशार, चष्मेवाल्या मुलाला कळतात. पल्लवला चष्मा आहे. तपतीदीला वाचनालयाचं कार्ड कधीच नव्हतं.

मी तिला म्हटलं, "वाचली का?"

"वाचली," ती म्हणाली. "मूर्ती मिळाली ते बरं झालं."

दुसऱ्या वर्षी त्या कादंबरीवर सिनेमा काढायला कोलकात्याहून मंडळी आली. गावातल्या निम्म्या लोकांनी दाढ्या करून घेतल्या. तापसीचं काम करणारी मुलगी ऐशिका सतरा वर्षांची होती. एके दिवशी दुपारी, डब्याच्या सुट्टीत, ती पोस्टात आली आणि थेट तपतीदीच्या खिडकीशी उभी राहिली.

"काकीमा, तुम्ही त्याच ना?"

"कोण त्या?"

"ज्या हरवल्या होत्या."

"मी हरवले नव्हते. बोल, रजिस्टर करायचंय का?"

"नाही. परत येतानाचा सीन आहे माझा, उद्या. वेशभूषावाले म्हणतात, साडी फाटलेली पाहिजे. मेकअपवाले म्हणतात, केस पिंजारलेले. तुमचे केस कसे होते?"

तपतीदीने डब्याचं झाकण खाली ठेवलं. "वेणी होती. सरमामासीने घालून दिली होती, तेल लावून."

"आणि चपला?"

"चपलांत वाळू होती. पायरीवर बसून झटकली, तोवर आईने ओढून आत नेलं."

"वाळू कुठली?"

"दीघ्याची."

फळीच्या या बाजूला माझा शिक्का हवेतच राहिला.

"दीघ्याला काय होतं?" ऐशिकाने विचारलं.

"समुद्र. भूगोलाच्या पेपरात भरती-ओहोटीवर प्रश्न होता. मला वीसपैकी एकोणीस पडले. बाईंनी माझं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. मला फार लाज वाटली गं. मी समुद्र पाहिलाच नव्हता. न बघता एवढे मार्क घेणं बरं दिसेना, म्हणून बघून आले. हावड्याहून बस होती."

"आणि राहिलात कुठे?"

"सरमामासीची खानावळ होती. दिवसभर कोळंबी सोलायची, तिच्या चुलीशेजारी झोपायचं. मधल्या वेळात समुद्र बघायचा."

"कसा होता?"

तपतीदीने जरा विचार केला. "पुस्तकात होता तसाच. आवाजाचं काही लिहिलं नव्हतं."

"घरी नाही सांगितलंत?"

"सांगणार होते. 'कोणाबरोबर'च्या पुढे कोणी गेलंच नाही."

मुलीने हे युनिटमध्ये सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोस्ट बंद व्हायच्या वेळी दिग्दर्शक आला, मागोमाग पल्लव. तपतीदीला न्यायला शिबनाथही नेहमीप्रमाणे सायकल घेऊन दाराशी आला होता.

"दीदी, मुलगा कोण होता?" दिग्दर्शकाने विचारलं.

"मुलगा नव्हता."

"निदान वाटेत कोणी भेटला असेल?"

"कंडक्टर भेटला."

दिग्दर्शकाने कंडक्टरचा थोडा वेळ विचार केला आणि सोडून दिला. "समुद्र बघितला आणि परत आली, हे कोण बघायला येणार, दीदी?" एवढं म्हणून, नमस्कार करून तो गेला.

पल्लव मात्र हलेना. "तपती, त्या दिवशी फलाटावर तू माझ्याकडे पाहिलं होतंस. बराच वेळ. मला वाटलं, तुला मला काहीतरी सांगायचंय."

"तुझ्या मागे घड्याळ होतं रे."

पल्लवने चष्मा काढून पुसला. "पंचवीस वर्षं मी..." एवढंच म्हणाला आणि बाहेर पडला. दारात शिबनाथच्या सायकलला अडखळला.

शिबनाथने सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा पडला. "समुद्र?" तो म्हणाला. "अगं, वीस वर्षं झाली लग्नाला. मी एकदाही विचारलं नाही तुला!"

"माहितीये," तपतीदी म्हणाली. "मी वाट बघत होते."

"मी तर मोठ्या मनाने..."

"तेही माहितीये. सगळी गल्ली सांगते मला."

घरी जाताना तो सायकलवर बसला नाही, हातात धरून चालत गेला. तीही शेजारून चालली. मी कुलूप लावून मागे निघालो.

सिनेमा पुढच्या हिवाळ्यात लागला. चोर पकडले गेले, मूर्ती देवळात परतली. परत येण्याच्या सीनमध्ये ऐशिका नीट तेल लावलेली वेणी घालून पायरीवर बसते आणि चपला झटकते. दिग्दर्शकाने ते कसं राहू दिलं, ठाऊक नाही. आमच्या पुढच्या रांगेतला माणूस म्हणाला, "कैदेत कंगवा दिला वाटतं." तपतीदीच्या आईचं वय तेव्हा ऐंशीच्या घरात होतं. सिनेमा संपल्यावर तपतीदीने तिला खरं काय ते सांगितलं. म्हातारी म्हणाली, "एवढंच होतं, तर मारताना बोलायचं नाहीस?"

शिबनाथने विचारायला सुरुवात केली, पण त्याला सवय नव्हती. जेवताना एक प्रश्न, तोही आमटीकडे बघून. दोन-तीन महिन्यांत दीघा संपलं. मग एकदा त्याने विचारलं, "आणखी काय बघायचं राहिलंय तुझं?" तपतीदीने दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या फॉर्मच्या मागच्या बाजूला यादी केली आणि माझ्याकडून डिंक घेऊन ती डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली.

पहिलं नाव दार्जिलिंगचं होतं. आठवड्याची रजा टाकून दोघं गेली. पाचही दिवस धुकं होतं. पहाटे उठून, घोंगड्या पांघरून दोघं बर्फाचा डोंगर बघायला टेकडीवर जाऊन उभी राहायची आणि काही न दिसता खाली यायची. शिबनाथला सणकून सर्दी झाली. परत आल्यावर तो आपल्या दुकानातल्या गोळ्या न घेता गुपचूप ॲलोपॅथीच्या डॉक्टरकडे गेला.

मी विचारलं, "मग? डोंगर?"

"मार्चमध्ये दिसतो म्हणतात," तपतीदी म्हणाली, आणि खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाचं पार्सल काट्यावर ठेवलं.