हळद न लागलेलं मशीन

धुळीशी उभं वैर धरून पनवेलमध्ये राहायचं, हे धाडस आमच्या थोरल्या साडूंशिवाय कुणी केलेलं नसेल. हायवेवर डंपर, चहूकडे बांधकामं, आणि हे गृहस्थ एसटी स्टँडवरून आलेल्या पाहुण्याला आधी दारात उभं करून ब्रशने झटकणार. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाही त्यांनी माझ्या कोटावरून ब्रश फिरवला होता.

दोष त्यांचा नाही, नोकरीचा. गावाबाहेरच्या एका प्रयोगशाळेत काचेच्या पट्ट्यांवर डीएनएचे ठिपके छापणारं मशीन त्यांच्या ताब्यात होतं. त्याच्या बारीक सुया द्रावणात बुडून पट्टीवर डोळ्याला जेमतेम दिसतील असे ठिपके ओळीने टेकवत जायच्या. धुळीचा कण पडला की पट्टी वाया. दोन ठिपके एकमेकांत मिसळले, तरी वाया. हा नियम ते घरीही पाळत. थालीपिठाला भोकं पाडायचं काम त्यांचंच. भोकं सारख्या अंतरावर आणि प्रत्येकात तेलाचा एकच थेंब. ताटात आमटी कोशिंबिरीकडे निघाली की ते तिला बोटाने थोपवत. मेव्हणीबाई म्हणायच्या, ‘‘यांच्या ताटात जेवण नसतं, नकाशा असतो.’’

पंचाईत व्हायची ती दसऱ्याला. प्रयोगशाळेतल्या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू, झेंडूचे हार. याच मशीनला काही नाही. एका वर्षी तिथल्या एका बाईंना ते बघवेना. साडू जेवायला गेल्यावर त्यांनी मशीनवर चिमूटभर हळद वाहिली. पुढची पट्टी तपासणीच्या यंत्रात घातली, तर जिथे काहीच छापलं नव्हतं तिथे हिरवे ठिपके लखलखत होते. त्या यंत्राच्या प्रकाशात हळद चमकते, हे बाईंना काय ठाऊक! मोठा शोध लागला म्हणून साहेबांनी पेढे मागवले. साडूंनी मशीनच्या झाकणाचा वास घेतला आणि शांतपणे सांगितलं, ‘‘हळद आहे. सांगलीची.’’ पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले. तेव्हापासून साडू दसऱ्याला घरी पाटावर मशीनचा फोटो ठेवून त्याचीच पूजा करू लागले.

यंदा ते मशीन काढायचं ठरलं. नव्या पद्धती आल्या होत्या, ठिपके कुणाला नको होते. ते भंगारात जाऊ नये म्हणून साडूंनी साहेबांच्या मागे असं टुमणं लावलं, की शेवटी मुलांना दाखवायला म्हणून एका कॉलेजने ते मागून घेतलं. टेम्पो नेमका दसऱ्याला आला. हात लावायला मी गेलो होतो. मशीन टेम्पोत चढल्यावर साडूंनी खिशातून पुडी काढली आणि त्याला हळदकुंकवाची बोटं ओढली.

‘‘आता हरकत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘छापायचं नाही ना त्याला.’’

टेम्पो धुरळा उडवत गेला, आणि साडू त्या धुरळ्यात तसेच उभे राहिले. त्यांच्याच खिशातला ब्रश काढून मी त्यांचा सदरा झटकायला लागलो. बाहीपाशी आलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

‘‘तेवढं कुंकू राहू द्या,’’ ते म्हणाले.